रक्ताचा रकाना: एका निवृत्त क्लार्कचे अनुभवाचे बोल

शाळेच्या ऑफिसात माझी उभी नोकरी गेली. जनरल रजिस्टर लिहायचं, शाळा सोडल्याचे दाखले द्यायचे, स्कॉलरशिपचे फॉर्म भरून घ्यायचे. आमच्याकडे सेटलमेंटमधली मुलं बरीच यायची. सोलापूरकराला 'सेटलमेंट' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. इंग्रज सरकारने ज्या जमातींना कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्याची ही जागा. पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी, मांग गारुडी अशा किती तरी जमातींची कुटुंबं इथं आणून बसवली होती.

निवृत्त झालो आणि जुळे सोलापुरात राहायला आलो. भाचा क्रोएशियात बांधकामावर आहे. एका सुट्टीच्या दिवशी तो यासेनोवाच नावाच्या गावी गेला आणि तिथल्या संग्रहालयाचे फोटो त्याने मला धाडले. काचेच्या उंच पट्ट्या आणि त्यांवर नुसती नावं. "मामा, तुमच्या रजिस्टरसारखंच आहे बघा," असं खाली लिहिलेलं. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो. १९४१ ते १९४५ या काळात तिथं 'स्वतंत्र क्रोएशिया' नावाचं राज्य होतं. हिटलर-मुसोलिनीच्या पाठिंब्यावर उभं राहिलेलं, स्वतःला कॅथलिक म्हणवणारं आणि वंशशुद्धीचा कायदा करणारं. सत्ता आन्ते पावेलिच आणि त्याच्या उस्ताशा संघटनेच्या हातात.

सोलापूरची आणि यासेनोवाचची बरोबरी मी करत नाही. तिथल्या छावणीत माणसं मारली, इथं कोंडली. हा फरक लहान नाही. पण दोन्हीकडचं पहिलं पान जवळजवळ सारखं आहे आणि पहिली पानं लिहिण्यातच माझा जन्म गेला. त्यातून जे कळलं ते क्रमाने मांडतो.

१. भाषण ऐकू नका, नोंदवही बघा

क्रोएशियाचं राज्य जाहीर झालं १० एप्रिल १९४१ ला. वंशाचे कायदे आले ३० एप्रिलला. वीस दिवसांत! रस्ते, रेशन, शाळा यांचा पत्ता नव्हता, पण कुणाच्या आजी-आजोबांपैकी किती जण ज्यू आणि किती जण रोमा हे मोजण्याचं सूत्र छापून तयार होतं. रोमा म्हणजे युरोपातले भटके. हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेली ही माणसं, त्यांची भाषा आपल्याच भाषाकुळातली. जुलै १९४१ मध्ये त्यांची गावोगाव मोजणी झाली. ही मोजणी कुणी केली? गावपातळीवरच्या कारकुनांनीच. मे १९४२ पासून त्याच याद्यांच्या आधारे कुटुंबंच्या कुटुंबं यासेनोवाचच्या छावणीत नेली. त्या संग्रहालयाच्या यादीत ८३,१४५ नावं आहेत. त्यांत सर्वाधिक सर्ब, ४७,६२७. रोमा १६,१७३ आणि ज्यू १३,११६. ही संख्या ज्यांची नावं हाती लागली तेवढ्यांचीच.

आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. सुरुवातीला तो उत्तरेकडे लागू होता, १९११ च्या कायद्याने देशभर लागू करता येऊ लागला आणि मुंबई इलाखा त्यात आला. पद्धत अशी: सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करायची, माणसांची नोंद करायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची. त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देता येत नव्हतं. गुन्हा शाबीत होण्याची गरज नव्हती, कारण गुन्हा कुणी विचारतच नव्हतं. नाव वहीत आहे का, एवढंच बघायचं.

त्या वहीमागे आवेश नसतो, हे मी शपथेवर सांगेन. वही लिहिणारा दुपारी डबा खातो, शाई संपली म्हणून कुरकुरतो आणि पाचला घरी जातो.

२. 'रक्तातच आहे' म्हणणारा पुराव्यासाठी थांबत नाही

१८७१ साली कायद्यामागचा युक्तिवाद काय होता? या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर. म्हणजे जात आपली आणि शिक्का इंग्रजांचा. आपल्या पुढाऱ्यांना त्यात फारसं खटकलं नाही, कारण वाक्य ओळखीचं होतं. पुढे १९०८ साली पोलीस अधिकारी मायकेल केनेडी याने मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर जाडजूड पुस्तक लिहिलं. कोणती जमात कशी बोलते, काय नेसते, कुठे चोरी करते, याची त्यात जमातवार टिपणं. पोरगं पाळण्यात असतानाच त्याचा धंदा छापून झालेला.

याच सुमाराला युरोपात सुप्रजननशास्त्र जोरात होतं. फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये त्याचं नामकरण केलं. बोटांच्या ठशांवरचं त्याचं पुस्तक १८९२ चं. ठशांत वंशाची खूण सापडेल अशी त्याला आशा होती. ती सापडली नाही आणि त्याने तसं लिहूनही ठेवलं. गंमत बघा, त्याचे ठसे पोलिसांनी घेतले, त्याचा हा निष्कर्ष कुणी घेतला नाही.

आपल्या इरावती कर्वे यांची हकिगत तर प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवी. 'युगान्त' आपण वाचतो, त्याआधीच्या बर्लिनबद्दल फारसं बोलत नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएच.डी. करायला गेल्या. हा फिशर आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन नावारूपाला आलेला. पुढे नाझी वंशधोरणाला त्याच्याच विद्येचा आधार मिळाला. त्याचा कयास असा, की गोऱ्यांची कवटी एका बाजूला अधिक वाढलेली असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचं मूळ आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्या सगळ्यांच्याच थोड्या वाकड्या निघाल्या, पण वंशाशी त्याचा काही संबंध लागेना. पंचविशीतल्या परक्या देशातल्या विद्यार्थिनीने आपल्याच गुरूच्या तोंडावर तसं लिहून दिलं.

फिशर काही अडाणी नव्हता. संस्थेचा संचालक होता. आपल्याकडेही ना. सी. फडक्यांसारख्या लोकप्रिय कादंबरीकाराने १९२७ साली इंग्रजीत पुस्तक लिहून हिंदुस्थानात सुप्रजननाची चळवळ हवी असा आग्रह धरला होता. तेव्हा तो विचार पुरोगामी समजला जायचा. शिकलेला माणूस बोलतोय म्हणून मापं खरी, असं मानायचं मी सोडून दिलं ते हे वाचल्यापासून.

३. सिद्धांताची खरी किंमत अपवादांच्या यादीत कळते

कुठलाही जी.आर. आला की मी आधी शेवटचं पान वाचायचो. 'यातून सूट' कुणाला, ते तिथं असतं.

क्रोएशियाच्या वंशकायद्यात एक कलम होतं. १० एप्रिल १९४१ पूर्वी क्रोएट लोकांसाठी ज्यांनी मोठं काम केलं, अशा अनार्यांना राज्याचा प्रमुख आर्यांचे हक्क देऊ शकेल. का हो, असं कलम का लागलं? ज्या स्लाव्को क्वातेर्निकने रेडिओवरून राज्य जाहीर केलं, त्याची बायको ज्यू वंशाच्या योसिप फ्रँक या पुढाऱ्याची मुलगी होती. रक्त अटळ असतं, फक्त सहीपुढे त्याचा नाइलाज होतो!

सर्बांचं आणखी वेगळं. ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. हजारोंना मारलं, हजारोंना हाकललं आणि उरलेल्यांतल्या कित्येकांना सक्तीने कॅथलिक केलं. बाप्तिस्मा झाला की तो क्रोएट म्हणून खपायचा. ज्यूला मात्र बाप्तिस्मा घेऊनही सुटका नव्हती, कारण तिथं आजोबा मोजायचे. बोस्नियातल्या मुसलमान रोमांसाठी तिथल्या उलेमांनी रदबदली केली आणि त्यांना आर्य ठरवलं गेलं. एकाच राज्यात, एकाच वर्षात रक्ताचे इतके नियम.

सोलापुरात हीच गोष्ट गिरणीच्या दारात घडली. सेटलमेंटमधल्या बाया-पुरुषांना कापड गिरण्यांत कामाला धाडत. ज्यांच्या रक्तातच चोरी, त्यांच्या हाती लाखोंचं सूत आणि साचे द्यायला मालकांना भीती वाटली नाही. स्वस्त आणि पळून न जाणारे मजूर मिळत होते. एका आजींना मी एकदा विचारलं होतं, कुंपणातलं काय आठवतं म्हणून. नातवाच्या दाखल्यासाठी त्या ऑफिसात येऊन बसल्या होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "भोंगा आन् हजेरी. भोंगा झाला की मिलला पळायचं, हजेरी झाली की घरात पळायचं. मदी येळच न्हाई की ओ चोरी कराया!" आणि खो-खो हसल्या. माझ्या टेबलाशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. अख्ख्या कायद्याचं त्याहून नेमकं परीक्षण मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही.

४. चांगल्या माणसांच्या हातूनही कुंपण नीट चालतं

हे पचायला जड गेलं. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार अमेरिकन मराठी मिशनने सांभाळला. शाळा काढल्या, औषधपाणी केलं, हाताला काम दिलं. मुंबई इलाख्यातल्या सेटलमेंटचे प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हेही मनाने वाईट माणूस नसावेत. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करणारी १९२८ ची समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्कर बाप्पाही होते. या सगळ्यांच्या हातून भलं झालं. सेटलमेंटच्या शाळेत शिकून पुढे मास्तर झालेली माणसं मी पाहिली आहेत.

पण मिशनचा माणूस मुलाला अक्षर शिकवायचा आणि संध्याकाळी त्याच्या बापाची हजेरीही झालेली बघायचा. वर्तणूक चांगली दिसली तर कुंपणाबाहेर फ्री कॉलनीत जागा. ती चांगली आहे की नाही हे कुंपण घालणाराच ठरवणार. सुधारणा करायची म्हटली की आधी समोरचा बिघडलेला आहे हे गृहीत धरावं लागतं. सेवेच्या भरात ते गृहीतक तपासायचं राहून जातं.

तिकडच्या चर्चचा इतिहासही असाच कोड्यात टाकणारा. वंश सुधारण्यासाठी माणसांची नसबंदी करणं चूक आहे, असं पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या पत्रकात स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे कॅथलिकांकडे लेखी मनाई होती. तरी कॅथलिक म्हणवणाऱ्या राज्याने वंशाचा कायदा केला. स्लोव्हाकियात तर राष्ट्राध्यक्ष योझेफ तिसो हा स्वतः पाद्री होता आणि १९४२ मध्ये त्याच्या राज्यातून ५० हजारांहून अधिक ज्यू छावण्यांकडे रवाना झाले. झाग्रेबचे आर्चबिशप स्टेपिनाट्स यांनी राज्याचं स्वागत केलं. वंशकायद्यांच्या वेळी त्यांनी पहिला शब्द टाकला तो कॅथलिक झालेल्या ज्यूंसाठी. पुढे ते प्रवचनांतून वंशवादाविरुद्ध बोलले, काही जीवही वाचवले, पण राज्याशी संबंध तोडले नाहीत. मिरोस्लाव फिलिपोविच हा फ्रान्सिस्कन साधू कत्तलीत सामील झाला, त्याला पंथातून काढलं, तर तो यासेनोवाचचा अधिकारी झाला. १९४६ साली फासावर गेला.

धर्मग्रंथात काय लिहिलंय यावरून राज्य कसं वागेल हे कळत नाही, एवढं मी यातून घेतलं. आपल्यालाही ते लागू आहे.

५. कायदा मरतो, शेरा मरत नाही

मुंबई प्रांतात गुन्हेगार जमाती कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. शिक्क्यातून सुटलेल्या जमाती त्या विमुक्त. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. स्वातंत्र्य इतरांना १५ ऑगस्ट १९४७ ला, या जमातींना पाच वर्षं सोळा दिवसांनी. पण १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी मुंबई राज्याचा कायदा आलाच. कागदावर तो व्यक्तीला लागतो, जमातीला नाही. व्यवहारात पोलिसांची पहिली जीप कुठल्या वस्तीकडे वळते हे वस्तीतल्या पोराला पाठ असतं.

पोलिसांचं सोडा, आमचं बघा. आसरा चौकापासून सैफुलपर्यंत अपार्टमेंट उभी राहिली, नोकरदार माणसं आली. आमच्या सोसायटीत मागे एका फ्लॅटचं कुलूप तुटलं. पंचनाम्याच्या आधी व्हॉट्सअॅपवर निकाल लागला होता. कुणी तरी जमातीचं नाव घेऊन लिहिलं, "त्यांचंच काम." खाली अंगठ्यांची रांग. अंगठे उठवणाऱ्यांत इंजिनिअर होते, बँकेतले होते, एक निवृत्त शिक्षिकाही होत्या. पावेलिच किंवा केनेडी यांचं नावही कुणी ऐकलेलं नसेल. मी लिहिलं, "तुमच्याकडे नाव आहे की नुसती जात?" त्यावर कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक जण म्हणाले, "काका, तुम्ही मनावर घेता की ओ." घ्यायचंच असतं.

६. हद्द ओलांडली की रक्त बदलतं

छोटाच मुद्दा, पण कुणी वंशाच्या बढाया मारू लागला की मी हाच काढतो. कैकाडी समाज विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे. उरलेल्या महाराष्ट्रात, सोलापुरातही, विमुक्त जातीत. एका भावाला नागपूरकडचा दाखला आणि दुसऱ्याला सोलापूरचा असला, तर सरकारदरबारी दोघांचे प्रवर्ग वेगळे. ज्या वर्गीकरणाला जिल्ह्याची हद्द पुरते, ते शरीरात कुठे सापडणार? ते फायलीतच असतं.

७. अपमानाचा कागद जपून ठेवावा लागतो

विमुक्त जातीचा दाखला काढायला महाराष्ट्रात २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. फिरत्या माणसाकडे तो कुठून येणार? घर नाही म्हणून उतारा नाही, शाळा नाही म्हणून दाखला नाही. सोलापूरच्याच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. देशातल्या विमुक्त-भटक्यांची संख्या १० कोटींच्या पुढे असल्याचा त्यांचा अंदाज होता, आणि साध्या ओळखीच्या कागदांवाचून ही माणसं कशी अडतात हेही त्यांनी मांडलं.

आमच्या शाळेच्या कपाटात जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा होता. वाळवीने कडा खाल्लेल्या, पानं तपकिरी. नाव, बापाचं नाव, जात, राहण्याचं ठिकाण आणि त्यात एका वळणदार अक्षरात लिहिलेलं 'क्रिमिनल ट्राइब्स सेटलमेंट'. एक तरुण इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी आजोबांची नोंद शोधायला आला होता. मी पान काढून दिलं. त्याने बोट फिरवत आजोबांचं नाव गाठलं, शेजारचे दोन शब्द वाचले आणि म्हणाला, "साहेब, झेरॉक्समध्ये हेही येणार का?" म्हटलं, येणार. तेवढंच तर हवंय तुला, आजोबा १९६१ च्या आधी इथंच होते याचा दुसरा कागद नाही. त्याने मान हलवली. साक्षांकित प्रतीवर मी शिक्का मारत असताना तो भिंतीवरचं वेळापत्रक वाचत राहिला.

पुढे त्याला प्रवेश मिळाला. ज्या वहीने आजोबांना अडवलं, तिनेच नातवाला पुढे धाडलं. म्हणून जुनी रजिस्टरं जाळून टाका म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि यासेनोवाचच्या काचांवरची नावंही शेवटी कागदपत्रं धुंडाळूनच गोळा झाली आहेत.

८. रकाना दिसला की चार प्रश्न विचारा

काही मित्र म्हणतात, जातीचा रकानाच काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. मला ते पटत नाही. ज्याचं नुकसान जात बघून केलं, त्याची भरपाई जात न बघता कशी करणार? रकाना कशासाठी भरला जातोय, हे बघायला हवं. इतकी वर्षं वह्या लिहिल्यावर मी चार प्रश्न ठरवले आहेत आणि भेटेल त्या तरुण क्लार्कला ते सांगतो.

पहिला, ही नोंद त्या माणसाला काही देण्यासाठी आहे की अडवण्यासाठी? दुसरा, त्याला स्वतःची नोंद बघता येते का? तिसरा, चुकीची असली तर ती दुरुस्त करायला, कोर्टात आव्हान द्यायला वाट आहे का? चौथा, ती त्याने केलेल्या गोष्टीवरून झाली आहे की त्याच्या आई-बापांवरून त्याने पुढे काय करावं याचं भाकीत आहे?

जातीचा दाखला या परीक्षेत धडपडत का होईना, पास होतो. नोंद देण्यासाठी आहे, माणूस ती स्वतः मागायला येतो आणि नाकारली तर अपील आहे. १८७१ चा कायदा आणि झाग्रेबचा ३० एप्रिल १९४१ चा हुकूम चारही प्रश्नांत नापास. सोसायटीच्या ग्रुपवरचा तो निरोपही नापास. आता तर मशीनच माणसांच्या याद्या करू लागल्या आहेत, कोण कर्ज बुडवेल, कोण गुन्हा करेल. त्यांनाही हेच चार प्रश्न विचारावेत. उत्तर मिळेपर्यंत रकाना कोरा ठेवायचा अधिकार क्लार्कला नसतो, हे मला ठाऊक आहे. पण 'खुलासा मागवला आहे' असा शेरा मारून फाईल वर पाठवायचा अधिकार प्रत्येक क्लार्कला असतो.